छातीच्या पेशीचे ताणन व अंसफलकाची गती

स्कंधशूलाचा रुग्ण समोर आला की 'अवबाहुक' असे निदान करून तेल लिहून देण्याची घाई आपल्या हातून पुष्कळदा होते. शिवणकाम करणाऱ्या एका रुग्णास आम्ही दोन महिने स्नेहन-स्वेदन दिले; उपशम तात्पुरताच मिळे. त्याची पाठ उघडी करून आम्ही पाहिलीच नव्हती, ही आमची चूक.

शारीर : पेक्टोरॅलिस मायनर ही पेशी तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून निघून अंसफलकाच्या कोराकॉइड या टोकास जडते. हात पूर्ण वर नेताना १८० अंशांपैकी सुमारे ६० अंश गती अंसफलकाची असते. त्याच वेळी ते मागे झुकते. ही पेशी आखूड असल्यास ते पुढे ओढलेले राहते व मागे झुकणे उणावते. बोरस्टॅड व लुडविग यांनी २००५ साली वेदनारहित व्यक्तींतही हा फरक दाखविला.

परीक्षण : रुग्णास उताणे निजवून दोन्ही खांद्यांचे शय्येपासूनचे अंतर ताडून पाहावे. पाठीमागून हात वर-खाली करताना अंसफलकाची खालची कड उचलली जाते का, हे पाहावे. वैद्याने हात बाहेर वळवूनही तो वळत नसेल, तर सांधाच आखडला आहे असे समजावे. तेथे केवळ ताणन पुरत नाही.

विधी : अभ्यंग व मृदु स्वेदनानंतर कोपर खांद्याच्या उंचीवर काटकोनात ठेवून हात दाराच्या चौकटीस टेकवावा व धड विरुद्ध बाजूस हळूहळू वळवावे. अर्धा मिनिट स्थिर राहावे. असे तीन-चार वेळा करावे. मुंग्या आल्यास थांबावे. खांदा निखळण्याचा पूर्वेतिहास असल्यास हा विधी टाळावा.

मर्यादा : २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सहा आठवड्यांच्या अभ्यासात ताणनाने वेदना घटली, कार्य सुधारले, परंतु पेशीची लांबी वा अंसफलकाची गती बदलली नाही. म्हणून 'फरा जागेवर आला' असे रुग्णास सांगू नये. पाठीच्या पेशींना बळ देणारा व्यायाम व बसण्याच्या सवयीत बदल यांची जोड द्यावी. आमच्या रुग्णास याच मार्गाने उतार पडला.

औषधालयचालकांस एक विनंती : श्रमाने वाढणारे डाव्या खांद्याचे दुखणे सांगणाऱ्यास तेलाची बाटली न देता प्रथम हृद्रोगाच्या तपासणीसाठी पाठवावे.