परवान्याचे हजार तास

कराड



तू बार्बर कॉलेजात नाव घातलंस हे ताईनं फोनवर सांगितलं. दाजी तेव्हापासून तुझ्याशी धड बोलत नाहीत, हेही तिनंच सांगितलं. मग तू अभ्यासक्रमाची पानं पाठवलीस. दुकान बंद झाल्यावर तुझ्या मामेबहिणीला शेजारी बसवून मी ती वाचून घेतली. तुझी तक्रारही वाचली. आठवडेच्या आठवडे नुसती सफाई, जंतू, त्वचेचे रोग आणि कायदे. वस्तरा हातात आला तरी समोर माणसाऐवजी प्लास्टिकचं डोकं. "मामा, तुम्हाला कुणी शिकवलं होतं हे सगळं?" असं विचारलंस. त्याचं उत्तर देतो, पण आधी दाजींविषयी दोन शब्द.

तुझे आजोबा, म्हणजे दाजींचे वडील, गावकीतले न्हावी. धोकटी काखेत मारून पहाटे निघायचे, वाड्यावाड्यावर हजामती करायचे. पैसे नाहीत. सुगी झाली की खळ्यावर जाऊन उभं राहायचं आणि पदरात पडेल ते बलुतं आणायचं. लग्नात नवरदेवाची दाढी, मयतीला डोकी, गावभर निरोप, सगळं त्यांच्याच अंगावर. ज्याच्या गळ्यावर वस्तरा फिरवायचा त्याच्या घरात मात्र पायरीच्या वर जायचं नाही. दाजी शिकले, केमिकल इंजिनियर झाले, कॅलिफोर्नियाला गेले, ते ती धोकटी घरातून कायमची जावी म्हणून. तू कात्री हातात घेतलीस की त्यांना तू दिसत नाहीस, बापाची वाकलेली पाठ दिसते. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना हा अभ्यासक्रम वाचायला दे. केसांवरच्या रसायनांना त्यात २०० तास दिलेत. पर्मिंगचं औषध केसातले गंधकाचे बंध कसे तोडतं, हायड्रोजन पेरॉक्साइडनं ते पुन्हा कसे जुळतात, पीएच कुठं गेला की टाळू भाजते, हे त्यांच्याइतकं सोपं करून तुला कुणी सांगणार नाही. रात्रीच्या जेवणानंतर वही घेऊन त्यांच्यापुढं बस. बोलणं आपोआप सुरू होईल.

आजोबांच्या धोकटीत आणि तुझ्या परवान्यात फरक आहे, तोही त्यांना दिसू दे. आजोबांना तो धंदा जन्मानं चिकटला होता. सोडायची मुभा नव्हती आणि दुसऱ्या कुणी घ्यायचा नव्हता. तुझ्या वर्गात कुठल्याही घरचं पोरगं, कुठल्याही घरची पोरगी येऊन बसते, तास भरते, परीक्षा देते. मग राज्य तुझ्या नावाचा परवाना देतं आणि तो गिऱ्हाइकाला दिसेल असा दुकानात लावायचा. माझ्या दुकानात भिंतीवर सेना महाराजांची तसबीर आहे आणि शॉप ॲक्टचा कागद आहे. तो कागद दुकानाचा आहे. माझ्या हाताला वस्तरा धरता येतो की नाही हे मला आजवर कुठल्याही सरकारनं विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतही ही परवान्याची पद्धत पहिल्यापासून नव्हती. पोरं उस्तादाच्या हाताखाली झाडलोट करत शिकायची, आपल्याकडं शिकतात तशीच. ए. बी. मोलर नावाच्या गृहस्थानं १८९३ मध्ये शिकागोला न्हाव्यांसाठी पहिली शाळा काढली आणि १८९७ मध्ये मिनेसोटा राज्यानं परवान्याचा पहिला कायदा केला. एकाच्या दाढीतला रोग वस्तऱ्यावरून दुसऱ्याच्या दाढीत जायचा, ही त्यामागची मोठी काळजी होती. कुणाचा फेड कट सुंदर होतो हे बघायला परवाना निघालेला नाही. अनोळखी माणूस डोळे मिटून, मान मागं टाकून तुझ्यापुढं बसतो. तो दुखणं घेऊन घरी जाऊ नये, एवढ्यासाठी तो निघाला. म्हणून तुझ्या अभ्यासक्रमात आरोग्य व सुरक्षिततेला १०० तास आणि निर्जंतुकीकरणाला वेगळे १०० तास आहेत. तुला कंटाळवाणे वाटतात ते हेच, आणि परवान्याचा जीव त्यांच्यातच आहे.

आता तुझं उत्तर. मला हे कुणी शिकवलं नाही. आमच्या लहानपणी दुकानात एक वस्तरा, एक चामोटी, एक तुरटीचा खडा आणि खांद्यावर एक पंचा असायचा. वस्तरा चामोटीवर चारदा ओढला की तो पुढच्या माणसाला चालायचा. कुणाला कापलं तर तुरटी फिरवायची, आणि तीच तुरटी दुसऱ्याच्या कापलेल्या जागेवर. एड्सची भीती खेडोपाडी पोचली तेव्हा कुठं गिऱ्हाईक विचारायला लागलं, "ब्लेड नवं आहे ना?" मग ब्लेड बदलायचे वस्तरे आले. आज मी प्रत्येकासमोर कागद फाडून ब्लेड काढतो, मधोमध मोडतो, अर्धं लावतो आणि दाढी झाली की टाकून देतो. आमच्या पिढीला हे भीतीनं शिकवलं. तुला कारणासकट शिकवतायत. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, कोरड्या पृष्ठभागावर, सात दिवस तग धरतो. डोळ्याला तिथं काहीच दिसत नाही. हे कळलेला माणूस गर्दीच्या रविवारीसुद्धा कंगवा पँटला पुसून पुढच्या डोक्यात घालणार नाही.

तुमच्याकडच्या निळ्या पाण्याच्या बरणीचा फोटो पाठवलास. मॉरिस किंग यांनी १९४० च्या दशकात काढलेलं ते बार्बिसाइड आता अमेरिकेतल्या दुकानांची खूण झालंय. पण बरणीला देव्हाऱ्यासारखं पुजू नकोस. कंगव्याला केस, तेल, मळ तसाच असेल तर औषध जंतूपर्यंत पोचतच नाही. आधी साबणपाण्यानं घासायचं, धुवायचं, कोरडं करायचं, मग दांड्यासकट पूर्ण बुडवायचं आणि दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं ठेवायचं. काढलेलं हत्यार झाकणाच्या स्वच्छ डब्यात, वापरलेलं वेगळ्या डब्यात, दोन्हींवर चिठ्ठी. घाईत पहिली चाट बसते ती या दहा मिनिटांना. त्यावर उपाय एकच, कंगवे-कात्र्यांचे दोन जादा जोड घे. नवी ट्रिमर मशीन घेण्याआधी ते घे.

नियमांतली एक गोष्ट मला फार आवडली. उवा किंवा पसरणारा त्वचारोग असेल तर त्या डोक्याला हात लावायची सक्ती तुमच्यावर होऊ शकत नाही. पण एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला त्या नियमाखाली परत पाठवता येत नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. कारण साधं आहे. तू प्रत्येक मानेवर तीच काळजी घेत असशील तर कुणाला काय झालंय हे विचारायची गरजच उरत नाही. नाही म्हणायचं तेही नीट म्हणावं. टाळूवर गजकर्णाचा चट्टा दिसला तर दुकानभर ओरडायचं नाही. कानाशी वाकून सांगायचं, डॉक्टरकडं जा म्हणायचं, बरं झाल्यावर ये म्हणायचं. पोर असेल तर आईला बाजूला घेऊन.

नाही म्हणण्याचा मान आपल्या धंद्यानं कमावलेला आहे, हे तुला तिकडं कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. नवरा मेला की कोवळ्या पोरींना पाटावर बसवून त्यांचं डोकं भादरायला न्हाव्याला बोलवायचे. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी ठरवलं की आम्ही हे करणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखे सत्यशोधक त्यांच्या पाठीशी होते. हातावर पोट असलेली माणसं ती. वस्तरा खाली ठेवला की त्या दिवसाची चूल थंड. तरी ठेवला.

आणि याच धंद्यानं दलितांच्या डोक्याला हात लावला नाही, हेही तितकंच खरं. गावच्या दबावानं म्हण, स्वतःच्या मनातल्या घाणीनं म्हण, पण लावला नाही. माणसं घरच्या घरी, एकमेकांचे केस कापून घ्यायची. अमेरिकेतही एके काळी कृष्णवर्णीय न्हाव्यांची मोठमोठी दुकानं होती आणि त्यांतल्या कित्येकांत खुर्चीवर फक्त गोरा बसायचा. म्हणून सांगतो, दाट कुरळे केस नीट शिकून घे. 'मला असले केस जमत नाहीत' म्हणून माणूस परत पाठवणं हेही त्यातलंच आहे. अशा दाढीचा केस कापल्यावर वळून पुन्हा कातडीत घुसतो आणि गळ्यावर फोड उठतात. तिथं केसाच्या रोखानंच वस्तरा चालवायचा, उलटा नाही, आणि एकाच जागी पुनःपुन्हा नाही. वर्गात अशा डोक्यांवर हात बसवायची संधी मिळेल तेवढी माग. शिक्षक कंटाळले तरी माग.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुझ्या तासांची नोंद रोज स्वतः बघ, प्रत्येक महिन्याची प्रत घरी ठेव. शाळा बंद पडतात, दप्तरं हरवतात, आणि मग भरलेला तास सिद्ध करणं तुझ्या गळ्यात येतं. केसांना रंग लावण्याआधी कातडीवर चाचणी घेतल्याची तारीख वहीत लिहायची सवय आत्ताच लाव. पास झाल्याबरोबर स्वतःची खुर्ची भाड्यानं घेऊ नकोस. वर्षभर एखाद्या मुरलेल्या कारागिराशेजारी टक्क्यावर काम कर.

राहिला हात. कॅलिफोर्नियात आधी १५०० तास लागायचे, २०२२ पासून १००० झाले, आणि प्रात्यक्षिक परीक्षाही तेव्हाच गेली. आता फक्त लेखी. तुला याचा आनंद झालाय, मला नाही. दाढीला अभ्यासक्रमात २०० तास आहेत, पण त्या तासांत तुझा हात तयार झाला की नाही हे शेवटी कुणीच तपासणार नाही. परवाना हातात असेल आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या गळ्याशी हात थरथरेल, असं होऊ शकतं. ती परीक्षा तुझी तुलाच घ्यायची आहे.

तुमच्या पुस्तकात चेहऱ्याचे चौदा भाग पाडलेत आणि प्रत्येक भागाला वस्तऱ्याचा कुठला हात ते ठरवून दिलंय, फ्रीहँड, बॅकहँड वगैरे. मला ते वाचताना आनंद झाला. आम्ही हेच करतो, फक्त आकडे दिले नव्हते. पण पुस्तकातल्या चित्रात सगळं लक्ष उजव्या हाताकडं जातं, आणि दाढी डाव्या हातानं होते. डाव्या अंगठ्यानं कातडी मागं ओढून ताणायची, ती ढोलाच्या पानासारखी सपाट झाली की मगच पातं टेकवायचं, कलतं, साधारण तीस अंशात. उजव्या हातानं जोर लावायचाच नसतो, पात्याच्या वजनाला फक्त वाट द्यायची. हनुवटीखालच्या खळग्यात आणि ओठाच्या कोपऱ्यात डावा हात ढिला पडतो, आणि नेमकं तिथंच कापतं. साबणाचा हात कातडीवरून सटकत असेल तर बोटं कोरडी करून घे, घाई करू नकोस.

आधी फुग्यावर फेस लावून सराव कर, मग स्वतःच्या पोटरीवर, मग मित्रांवर, तेही कॉलेजात शिक्षकांसमोर. परवाना नसताना घरी बाहेरच्या माणसाची दाढी पैसे घेऊन करायची नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

पाठवलेल्या व्हिडिओत तुझा चेहराच जास्त दिसतो. पुढच्या वेळी कॅमेरा खाली धर आणि डावा अंगठा दिसेल असं काढून पाठव. रविवारी दुकानात गर्दी असते, सोमवारी सुट्टी. सोमवारी निवांत बघून कळवतो.

तुझा मामा