मोबाइलचा पडदा वर्गातील संगणकावर

प्रश्न : मी अक्कलकोट तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. अँड्रॉइड मोबाइलचा पडदा वर्गातील विंडोज संगणकावर दाखवायचा आहे. इंटरनेट बेभरवशाचे आहे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

उत्तर : ज्या जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, त्याच जिल्ह्यातून हा प्रश्न यावा, याचा मला मनःपूर्वक आनंद वाटतो. आपली अडचण इंटरनेटची असल्यामुळे, बिनतारी साधनांच्या मागे न लागता, २०१८ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले, मुक्तस्रोत असे ‘एससीआरसीपीवाय’ आपण घ्यावे, अशी माझी निःसंदिग्ध शिफारस आहे. कारण ते यूएसबी तारेवर चालते, त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि संगणकाच्या माउसने मोबाइलही चालविता येतो. मोबाइल अँड्रॉइड ११ वा त्यापुढील असल्यास आवाजही संगणकावर येतो.

प्रथम मात्र थोडी तजवीज करावी लागते : मोबाइलच्या सेटिंगमधील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवून डेव्हलपर पर्याय खुले करावेत व ‘यूएसबी डिबगिंग’ला मंजुरी द्यावी. तार मात्र केवळ चार्जिंगची नसावी. आयफोनला हे साधन लागू नाही.

मुलांसमोर खाजगी संदेश वा बँकेचा ओटीपी झळकू नये म्हणून ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावे, आणि तास संपताच डिबगिंग आठवणीने बंद करावे. अनोळखी माणसाने फोनवरून सुचविलेले पडदा दाखविणारे कोणतेही ॲप कदापि घेऊ नये.