शांत संगणकाची जुळणी : घरगुती ध्वनिमुद्रणासाठी सुट्या भागांची निवड

आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी आज एखादी छोटी खोली ध्वनिमुद्रणासाठी राखून ठेवलेली दिसते. एक मायक्रोफोन, एक हेडफोन, हार्मोनियम, ढोलकी आणि संगणक एवढीच तिची सामग्री. मोठ्या स्टुडिओत यंत्रे एका खोलीत आणि गायक दुसऱ्या खोलीत असतो. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत मात्र गायक, मायक्रोफोन आणि संगणक एकाच हवेत श्वास घेतात. त्यामुळे संगणकाच्या पंख्याची घरघर गाण्यात उतरते, आणि एकदा उतरली की ती पूर्णपणे वेगळी काढता येत नाही. घरघर पुसणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. पण ती जोरात वापरली की स, श, ह या वर्णांची धार आणि ओळीच्या शेवटी विरत जाणारा स्वरही त्यांच्याबरोबर पुसला जातो. म्हणून आवाज नंतर काढण्यापेक्षा तो मुळात होऊच न देणारा संगणक जुळवावा, हे सांगण्यासाठी आम्ही हा अभ्यासलेख सादर करीत आहोत.

हा प्रश्न केवळ हौशी कलावंतांचा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. त्या गाणाऱ्या पिढीतील आज्या, जलशांत आणि गायन पार्ट्यांत गायलेले वृद्ध गायक आपल्याही घराघरांत आहेत. त्यांचा आवाज मुळातच क्षीण झालेला असतो. क्षीण आवाज टिपण्यासाठी मायक्रोफोनची संवेदनशीलता वाढवावी लागते, आणि ती वाढली की संगणकाची घरघरही तेवढीच वाढते. अशी मुद्रणे पुन्हा करण्याची संधी मिळेलच असे नसते.

१. आवाजाचे गणित

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप साध्या बेरजेचे नाही. सारख्याच आवाजाचे दोन पंखे एकत्र चालले तर आवाज दुप्पट न भासता सुमारे ३ डेसिबलने वाढतो. १० डेसिबलची वाढ मात्र कानाला साधारण दुप्पट वाटते. पंख्याची गती निम्मी केली तर त्याचा आवाज सैद्धांतिक हिशेबाने सुमारे १५ डेसिबलने उतरतो आणि हवा निम्मी होते. आता एका वेगवान पंख्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या गतीने लावले, तर हवा पूर्वीइतकीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो. शांत संगणकाचे सारे शास्त्र या एका हिशेबात आहे : पंखे मोठे असावेत, सावकाश फिरावेत, आणि मुळात उष्णताच कमी निर्माण व्हावी.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. एकाच खोलीत एकामागून एक सोळा ट्रॅक मुद्रित करून ते सारख्या पातळीवर एकत्र केले, तर प्रत्येकातील घरघर मिळून सुमारे १२ डेसिबलने वर येते. एका ट्रॅकमध्ये जाणवतही नाही ती कुजबुज पूर्ण गाण्यात स्पष्ट ऐकू येते.

२. प्रोसेसर

उष्णतेचा मुख्य उगम प्रोसेसर होय. म्हणून निवड त्याच्यापासून सुरू करावी. संगीताच्या कामात संगणकाला ठरावीक क्षणात उत्तर द्यावे लागते. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १२८ नमुन्यांचा बफर ठेवला, तर प्रत्येक तुकड्यासाठी सुमारे २.७ मिलीसेकंद मिळतात. ती वेळ चुकली की आवाजात टिचकी येते. शिवाय एका ट्रॅकवरील प्रक्रिया एकापुढे एक अशा साखळीने चालतात, त्यामुळे ती साखळी सहसा एकाच कोअरवर पडते. सोळा मंद कोअरपेक्षा सहा ते आठ वेगवान कोअर अधिक उपयोगी ठरतात ते यामुळेच.

६५ वॅट वर्गातील प्रोसेसर, उदाहरणार्थ रायझन ५ ७६००, या कामास पुरेसा आहे. हा आकडा कायमची मर्यादा नसतो. कामाच्या भरात प्रोसेसर त्याहून अधिक वीज घेतो. बायोसमध्ये ही कमाल मर्यादा खाली आणता येते. वेग थोडा घटतो, उष्णता मात्र बरीच घटते. अंगभूत ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर घ्यावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअंती ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात ही सोय नसते आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावे लागते. ते कार्ड म्हणजे आणखी खर्च, आणखी उष्णता आणि आणखी पंखे. संगीताला त्याची गरज नाही.

३. थंडावा

प्रोसेसरबरोबर मिळणारा छोटा पंखा बाजूला ठेवून, १२० किंवा १४० मिलीमीटरच्या पंख्याचा, उभ्या मनोऱ्यासारखा कूलर बसवावा. नॉक्टुआ, बी क्वाएट यांसारख्या कंपन्या अशाच शांत कूलरसाठी ओळखल्या जातात. खरेदीपूर्वी कूलरची उंची कॅबिनेटच्या मापाशी ताडून पाहावी. नॉक्टुआचा एनएच-यू१२एस हा कूलर १५८ मिलीमीटर उंच आहे आणि प्रत्येक कॅबिनेटमध्ये तो मावेलच असे नाही. पाण्याने थंड करणारी यंत्रणा आकर्षक दिसते, पण तिचा पंप सतत चालू असतो आणि त्याची बारीक गुणगुण शांत खोलीत लपत नाही.

चार पिनांचे पंखे घ्यावेत. त्यांची गती मदरबोर्डवरून नेमकी ठरवता येते. तापमान थोडे वाढताच गती झटकन वाढू नये, अशी सौम्य चढण बायोसमध्ये आखावी. एकसारखी मंद सळसळ कान विसरतो. वरखाली होणारा आवाज मात्र कान विसरत नाही आणि मुद्रणातही तो उठून दिसतो.

४. एसएमपीएस आणि वीज

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अशा संगणकाला साधारणतः २०० वॅटच्या आत वीज लागते. तरीही सुमारे ५५० वॅटचा, ‘८० प्लस गोल्ड’ दर्जाचा एसएमपीएस घ्यावा. निम्म्या भारावर त्याची कार्यक्षमता सुमारे ९० टक्के असते, म्हणजे उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज थोडी. कमी भार असताना ज्याचा पंखा पूर्ण बंद राहतो असा प्रकार मिळाल्यास उत्तम.

आपल्याकडे दोन गोष्टी अधिक पाहाव्या लागतात. पहिली, अर्थिंग. घराचे अर्थिंग सदोष असेल तर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींतील गुंजन मुद्रणात शिरते. ते पंख्याचे नसते आणि पंखे बदलून जातही नाही. दुसरी, इन्व्हर्टर. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर उपकरणे घुमू लागतात. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरच वापरावा.

५. साठवण, रॅम आणि मदरबोर्ड

मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे, अर्थात १२० हर्ट्झची गुणगुण. तीच कॅबिनेटच्या पत्र्याला कंप देते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ दर्जाचा एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेतो, म्हणून एक टेराबाइटची एसएसडी दीर्घकाळ पुरते. हार्ड डिस्क बाहेरची ठेवावी, मुद्रण संपल्यावर जोडावी आणि प्रत काढून पुन्हा बाजूला ठेवावी. एकमेव प्रतीवर कधीही विसंबू नये.

प्रत्यक्ष गायन-वादनाच्या मुद्रणास १६ जीबी रॅम पुरते. वाद्यवृंदाचे नमुने वापरणाऱ्यांनी ३२ जीबी घ्यावी, तीही दोन पट्ट्यांत. मदरबोर्डवर छोटा पंखा नसावा, कारण छोटे पंखेच सर्वांत कर्कश असतात. मदरबोर्डच्या अंगभूत ध्वनिजोडणीऐवजी यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरावा.

६. कॅबिनेट आणि जागा

आतून स्पंज लावलेली बंद कॅबिनेटे तीव्र आवाज शोषतात, खोल घरघर फारशी शोषत नाहीत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोलीतील हवाच ४० अंशांवर असेल तर कोंदट कॅबिनेटमधील पंखे अखंड धावत राहतील. म्हणून पुढून हवा घेणारे, मागून सोडणारे आणि धुळीची जाळी सहज धुता येईल असे प्रशस्त कॅबिनेट आपल्याकडे अधिक योग्य.

आता जी गोष्ट सांगतो, तिला पैसे लागत नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने घटतो; छोट्या खोलीत भिंतींमुळे हा लाभ कमी होतो, पण होतो. कार्डिऑइड मायक्रोफोन पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेतो. त्याची पाठ संगणकाकडे असावी. कॅबिनेट टेबलावर न ठेवता खाली, जाड रबरावर ठेवावे.

७. परीक्षा

जुळणी झाल्यावर रात्री, छताचा पंखा बंद करून, गायकाच्या जागी मायक्रोफोन ठेवावा. संगणक चालू असताना एक मिनिट शांतता मुद्रित करावी. मग संगणक बंद करून तेवढीच शांतता वेगळ्या रेकॉर्डरवर, आणि तुलनेसाठी चालू संगणकाचीही त्याच रेकॉर्डरवर घ्यावी. दोहोंत ३ डेसिबलचा फरक दिसला, तर संगणकाचा आवाज खोलीच्या स्वतःच्या आवाजाइतकाच आहे असे समजावे. फरक एका डेसिबलहून कमी असेल तर संगणकावर आणखी खर्च करू नये. पैसा जाड पडद्यांवर आणि खिडकीच्या फटी बुजवण्यावर लावावा.

पैसा मर्यादित असेल तर क्रम असा ठेवावा : प्रथम कूलर आणि पंखे, मग एसएमपीएस, मग एसएसडी, अधिक वेगवान प्रोसेसर सर्वांत शेवटी. शेवटच्या पिढीचा वेग दोन वर्षांनी जुना होतो, शांतता जुनी होत नाही.

आपल्यातील जे बंधु-भगिनी संगणकाच्या व्यवसायात आहेत, त्यांनी अशी एक जुळणी आपल्या गावासाठी, आपल्या वस्तीसाठी करून द्यावी. आणि ज्यांच्या घरी गाणारी आजी किंवा आजोबा आहेत, त्यांनी त्यांना मायक्रोफोनसमोर बसवावे. पुढच्या पिढीला तो स्वर जसा होता तसाच ऐकता यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.