भटकंतीची रोजकीर्द

पाठीवर सॅक टाकून आठ-दहा दिवस डोंगरदऱ्यांत हिंडून आलेल्या माणसाला पहिला आठवडाभर सारे काही लख्ख आठवते. सहा महिन्यांनंतर मात्र छायाचित्रातला ओढा नेमका कुठला, हे सांगता येत नाही. वाटाड्याचे नावही जिभेवर येत नाही. प्रवासात खर्च झालेला पैसा पुन्हा मिळवता येतो, निसटलेला तपशील सहसा हाती लागत नाही. म्हणूनच जमाखर्चाप्रमाणे स्मृतींचीही रोजकीर्द ठेवणे श्रेयस्कर.

याचे उत्तम उदाहरण उत्तराखंडातील ‘फुलांच्या दरी’चे आहे. १९३१ मध्ये कामेत शिखर सर करून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सहकारी भ्यूंडार खोऱ्यात उतरले. तेथील पुष्पवैभवाने भारावलेले स्माइथ १९३७ मध्ये पुन्हा तेथे गेले, वनस्पतींचे नमुने गोळा केले आणि १९३८ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. स्थानिकांना परिचित असलेली ही दरी त्यामुळे जगाला ठाऊक झाली. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान ठरली आणि २००५ मध्ये तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

जून २०१३ च्या महापुरात गोविंदघाटाहून घांघरियाकडे जाणाऱ्या मार्गाची मोठी हानी झाली व वाट नव्याने बांधावी लागली. त्यापूर्वी कोणी सहज टिपलेले एखाद्या वळणाचे छायाचित्र आज त्या जुन्या वाटेची साक्ष ठरते. मात्र त्यावर दिनांक आणि स्थळ नोंदलेले असेल तरच.

कॅमेऱ्याची पूर्वतयारी

दरीत फुलांचा बहर जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात असतो. त्यामुळे कॅमेरा जलरोधक पिशवीत ठेवावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी अंगावरच्या कपड्यांच्या आतील खिशात बाळगावी. बाहेरच्या गारठ्यातून उबदार खोलीत येताच भिंगावर बाष्प धरते. यासाठी आत येण्यापूर्वीच कॅमेरा बंद पिशवीत घालावा व त्याचे तापमान खोलीइतके झाल्यावरच बाहेर काढावा. निघण्यापूर्वी घड्याळ अचूक लावावे, म्हणजे छायाचित्र आणि वहीतील नोंद यांचा मेळ बसतो.

प्रत्येक ठिकाणी आधी परिसराचे एक विस्तृत दृश्य घ्यावे, मग जवळचा तपशील टिपावा. नुसत्या फुलाच्या चित्रावरून ते कोठे उमलले होते, हे समजत नाही. माणसांचे छायाचित्र त्यांच्या संमतीनेच घ्यावे; लष्करी ठाणी आणि निषिद्ध पूल टाळावेत.

वहीत काय लिहावे?

कॅमेऱ्याला जे दिसत नाही, ते वहीत यावे: ओल्या मातीचा वास, खेचरांच्या गळ्यातील घंटांचा नाद, चढावर लागलेला दम, चहा देणाऱ्याने सांगितलेली हकिकत, फुलाचे स्थानिक नाव. लहान आकाराची, जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल हे साहित्य पुरेसे आहे. पाण्याने शाई पसरते, पेन्सिलीची अक्षरे टिकून राहतात.

दिवसभर चालून थकल्यावर लिहिणे नकोसे होते. अशा वेळी पाच ओळींचा नेम उपयोगी पडतो: दिनांक व मुक्काम, हवामान, भेटलेली माणसे, झालेला खर्च आणि दिवसातील एक अविस्मरणीय क्षण. उद्यावर ढकललेली नोंद दोन दिवसांचे प्रसंग एकमेकांत मिसळून टाकते.

सायंकाळचा ताळमेळ

मुक्कामी पोहोचल्यावर दिवसाची छायाचित्रे एकदा पाहावीत, निरुपयोगी काढून टाकावीत आणि महत्त्वाच्या चित्रांचे क्रमांक वहीत लिहावेत. बँकेत दिवसअखेर रोकड आणि नोंदी जुळवल्याशिवाय काम संपत नाही, तसेच हे आहे. घरी परतल्यावर छायाचित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जतन कराव्यात. तोपर्यंत मूळ कार्ड पुसू नये. निवडक चित्रे छापून वहीसोबत ठेवावीत.

अर्थात, नोंदीच्या नादात प्रवास हरवू नये. दरीच्या तोंडाशी धुके विरळ होऊ लागले, तर काही क्षण कॅमेरा खाली ठेवून नुसते पाहत उभे राहावे. त्या क्षणाविषयी रात्री लिहिलेल्या दोन ओळी पुढे घरातील मुलानातवंडांच्या हाती पडतील, तेव्हा त्यांनाही त्या वाटेने जावेसे वाटेल.