एअरबॅगच्या पोटातले पट्टे

नववीला गतीचे नियम शिकवताना एअरबॅगचं उदाहरण आपण सगळेच देतो. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, पिशवीत एवढा वायू भरतो, मग ती फुग्यासारखी गोल का होत नाही?" पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नाही, पण प्रश्न फार नेमका आहे.

उत्तर घरातच आहे. कापसाची गादी बघा. तिला मध्ये मध्ये टाके घातलेले असतात. ते नसते तर गादीचा लोड झाला असता! एअरबॅगच्या आतही असेच मजबूत कापडी पट्टे शिवलेले असतात, त्यांना टेदर म्हणतात. पट्ट्याचं एक टोक चालकाकडच्या कापडाला आतून, तर दुसरं मागे, वायू जिथून येतो त्या तोंडापाशी. धडक बसल्यावर साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी भरते. पट्टे नसतील तर तिचा मधला भाग ठोशासारखा सरळ तोंडावर येईल. पट्टा ताणला की पुढची धाव थांबते, वायू बाजूंना वळतो आणि पिशवी रुंद, चपटी होते. म्हणजे पट्ट्याची लांबी ठरवते की पिशवी किती पुढे येणार. काही गाड्यांत तर पट्टा गरजेनुसार सोडण्याचीही सोय असते, म्हणजे पिशवी कमी किंवा जास्त खोल करता येते.

वर्गात करून बघा: प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन्ही बाजू मधोमध आखूड दोऱ्याने जोडा, भोकांवर चिकटपट्टी लावा आणि फुंका. नुसत्या पिशवीशी तुलना मुलं स्वतःच करतात.

आता पालकांसाठी. पट्टा ताणेपर्यंत पिशवी जोरात पुढे येतच असते. त्या टप्प्यात कुणी असेल तर आधार नाही, मार बसतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत कमी वेगाच्या अपघातांतही लहान मुलं आणि स्टिअरिंगला चिकटून बसणारे चालक एअरबॅगच्याच धक्क्याने दगावले. त्यानंतर तिथे १९९८ च्या मॉडेलांपासून कमी जोराच्या पिशव्या आल्या. म्हणून छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, आणि सीटबेल्ट तर हवाच. बाळाची मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नका. बारा वर्षांपर्यंतची मुलं मागच्या सीटवरच बरी.

आणि "जवळच तर जायचंय" म्हणून पुढे मांडीवर घेतलेलं मूल? डॅशबोर्डमधली पिशवी स्टिअरिंगमधल्या पिशवीपेक्षा बरीच मोठी असते. मांडीवरच्या मुलाचं डोकं नेमकं तिच्या वाटेत येतं.