घोटीतून निघण्यापूर्वी

लोकलने कसारा, तिथून नाशिककडे जाणाऱ्या जीपने घोटी आणि पुढे एसटीने आंबेवाडी. डोंबिवलीच्या एका तरुणाने तीन वर्षांपूर्वी जुलैत कुलंग किल्ल्याची वाट धरली ती अशी. गावात एका शेतकऱ्याने विचारलं, "वाट दाखवायला येऊ का?" त्याने नको म्हटलं. पैसे वाचवायचे होते.

रानात ढग उतरले, ढोरवाटा फुटत गेल्या, फोन भिजून बंद पडला. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन शोधत आला तो तोच शेतकरी. परतीच्या गाडीला हा पोरगा दिसला नाही, एवढ्यावरून तो निघाला होता. त्या रात्री त्याच्या घरी चुलीवरच्या दांडीवर ओले कपडे वाळत होते आणि ताटात तव्यावरची नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा होता. सकाळी पैसे विचारल्यावर घरधनी म्हणाला, "राहू द्या, दादा." तरुण आभार मानून निघाला.

"नको म्हणजे नको, असंच मला वाटलं," तो आज सांगतो. "पुढच्या वर्षी गेलो तेव्हा कळलं, त्या दिवशी ते भाताची आवणी अर्धी टाकून आले होते. उपटलेली रोपं बांधावर पडून राहिली. मला शोधण्यात त्यांची संध्याकाळ गेली आणि मी एक रुपया न देता आलो."

इगतपुरी तालुका भाताचा. घोटीची ओळखच भातगिरण्यांची. जुलैत घरातला प्रत्येक हात खाचरात असतो आणि पावसाळी भटकंतीला शहरी मंडळी येतात तीही नेमकी तेव्हाच. म्हणून 'गावकरी मदत करतातच' हे गृहीत धरणं त्या घराला महाग पडतं.

बाल्कन देशांत कमी खर्चात फिरणाऱ्यांना पाहुणचाराचे पैसे ठरवून देण्याचा व्यवहार उघडपणे शिकायला मिळतो. क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या बसस्थानकांत घरातली खोली भाड्याने देणाऱ्या बायका 'सोबे', म्हणजे खोल्या, अशी पाटी घेऊन उभ्या राहत आल्या आहेत. दर तिथेच ठरतो. अल्बानियात पाहुण्याला जपणं हा 'बेसा'चा, दिलेल्या शब्दाचा भाग. तरी थेथसारख्या डोंगरी गावात राहण्या-जेवणाचे पैसे घेतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडेही तसंच करावं. वाटाड्याचे आणि जेवणाचे पैसे निघण्याआधी ठरवावेत, सुटे जवळ ठेवावेत. घरच्यांनी घेतलेच नाहीत तर पुढच्या खेपेला घोटीच्या बाजारातून तेल, साखर, चहापत्ती न्यावी. घोटीच्या स्टँडवरच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी.

कुलंगशेजारच्या अलंग आणि मदन किल्ल्यांवर वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये. तिथल्या तुटलेल्या पायऱ्यांमुळे दोर लावून कडा चढावा लागतो. एकट्याने आणि पहिल्यांदाच निघालेल्याने १६४६ मीटरचं कळसूबाई निवडावं. बारी गावातून मळलेली वाट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत.

तो तरुण आता दरवर्षी आंबेवाडीला जातो, पण आवणी उरकल्यावर. आधी फोन करतो, त्याच शेतकऱ्याला वाटाड्या म्हणून सोबत घेतो आणि ठरलेले पैसे चढायला लागण्यापूर्वी हातात देतो. घोटीत उतरणाऱ्या प्रत्येकाने एवढं जरूर करावं.