नमुन्याची सही आणि चेहरा

बँकेत खाते उघडताना आपण नमुन्याची सही देतो. चेकवरील सही तिच्याशी जुळली तरच रोखपाल पैसे देतो. चेहरा दाखवून पैसे चुकते करण्याची पद्धत तत्त्वतः हीच. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनमधील हांगझौ शहरी, केएफसीच्या एका उपाहारगृहात ‘अलीपे’ने ती सुरू केली. यंत्र गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याची मापे साठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहते व रक्कम खात्यातून वळती होते. पाकीट नको, मोबाइलही नको! सोय आहे, हे मान्यच करायला हवे.

पण सही आपण स्वतःहून करतो. चेहरा रस्त्याने जातानाही कोणी टिपू शकतो. शिवाय सही बदलता येते. चेहऱ्याचा नमुना चोरीस गेला तर बँक काय नवा चेहरा देणार?

एकदा दिलेला नमुना परत मागता येतो का? त्याच हांगझौमध्ये कायद्याचे अध्यापक गुओ बिंग यांनी २०१९ साली एका प्राणिउद्यानावर दावा लावला. वार्षिक पासासाठी त्यांनी बोटांचे ठसे दिले होते. उद्यानाने मागाहून चेहऱ्याची सक्ती केली. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने चेहरा व ठसे, दोन्हींची नोंद पुसण्याचा हुकूम दिला. एका पासासाठी दीड वर्ष कोर्टकचेरी झाली.